भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

आमच्या घरात एक वाक्य दोघं मिळून बोलत. बाबा ते सुरू करत आणि आई संपवत असे. "आज ऑफिसात त्या…" एवढं म्हणून बाबा थांबत. त्यांचे ओठ मिटत ते मिटतच, मानेवरची शीर वर येई, आणि तव्यावरच्या भाकरीवरून नजर न काढता आई म्हणे, "मोंडलबाबूंनी." तो शब्द वाटेतल्या दगडासारखा वापरून बाबा पुढे पाऊल टाकत. "दिलाय एक…" "पेढ्यांचा पुडा," आई. "संदेशाचा," बाबा. कारण आईचा अंदाज कधीकधी चुके, मिठाई बंगाली निघे, आणि 'स'वर बाबांचं काही अडत नसे. अडायचं ते ओठ मिटावे लागतात अशा अक्षरांवर. प, ब, म आणि त्यांची भावंडं. घरात ते बिनधास्त अडखळत. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. सगळ्याच घरांत बाबा बोलायला लागतात आणि आया बोलून टाकतात, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. नंतर चार घरं पाहिल्यावर ती फारशी चुकीची नव्हती असंही लक्षात आलं.

घराबाहेर मात्र बाबा अडखळत नसत. हे मला कळायला कॉलेजात जावं लागलं. बाहेर त्यांनी वेगळीच युक्ती केली होती. अवघड शब्द समोरून येताना दिसला की ते रस्ता ओलांडून दुसऱ्या शब्दाकडे जात. 'बरं' न म्हणता 'ठीक' म्हणत, 'पुढच्या महिन्यात' न म्हणता तारीख सांगत. इतक्या सफाईनं की त्यांच्या ऑफिसात, शेजारात, कलकत्त्याच्या सगळ्या मराठी मंडळींत एकालाही पत्ता नव्हता. आजीला माझं नाव मालती ठेवायचं होतं. बाबांनी हट्टानं उषा ठेवलं. आईचं माहेरचं नाव प्रमिला. लग्नात तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाबांनी अंगठीनं 'शांता' लिहिलं, आणि नवरा शांत स्वभावाचा मिळाला म्हणून माहेरच्या बायका खूश झाल्या. माणूस आपल्या बायकोला आणि मुलीला हाक मारता यावी म्हणून केवढी तजवीज करतो, हे आता या वयात आठवलं की हसूही येतं आणि हसू आवरतंही.

बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो त्याला चार वर्षं झाली होती. भवानीपुरात एका बंगाली कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. दिवेलागणीला खाली शंख वाजे, रस्त्यावरून ट्रामची घंटा जाई, आणि आमच्या स्वयंपाकघरात आई आमटीला फोडणी देई. त्या फोडणीत हळूहळू खालच्या घरमालकीण काकीमांची पाच जिनसांची बंगाली फोडणी मिसळत गेली होती. पहिल्या वर्षी आई तिला नाक मुरडत असे, तिसऱ्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिथल्या आमटीला काही चव नाही म्हणाली. बाबा बंदरातल्या एका सरकारी खात्यात अधिकारी होते. रोज सकाळी जेवून, पानाचा विडा तोंडात ठेवून खिदिरपूरला जात. विड्याचाही उपयोग असे; तोंडात विडा असलेल्या माणसाकडून फार बोलण्याची अपेक्षा कुणी करत नाही.

रविवारी दुपारी मी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये वक्तृत्वाच्या सभेला जायची. ही सभा वत्सलाताई चालवत. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, आजोबांपासूनचं घर इथलंच, एका मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांचं मराठी थोडं पुस्तकी होतं, कारण ते त्यांना बरंचसं पुस्तकांतूनच मिळालं होतं. मंडळात बहुतेक सगळे बदलीवर आलेले सरकारी आणि बँकांतले अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे लोक. त्यामुळे साहेब काहीही बोलले तरी टाळ्या पडत, आणि हाताखालच्याचं भाषण कितीही चांगलं झालं तरी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून मगच पडत. यावर वत्सलाताईंनी एक रीत काढली होती. प्रत्येक वक्त्याचं भाषण एकानं भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. त्यासाठी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला एक खुर्ची भिंतीला नाक लावून ठेवलेली असे. त्या माणसाला 'कान' म्हणत. "आज कान कोण?" असं वत्सलाताई विचारत, आणि वक्ता आपला कान आपण निवडत असे. भाषण संपलं की कानानं तसंच पाठमोरं बसून, भिंतीशी बोलल्यासारखं, तीन मिनिटांत दोष सांगायचे. फक्त ऐकलेलं सांगायचं. वक्त्यानं उत्तर द्यायचं नाही. समोरचा चेहरा पडलेला दिसत नसला की खरं बोलायला सोपं जातं, हा त्यामागचा विचार. पाठमोऱ्या माणसालाही साहेबांचा आवाज ओळखू येतोच, ही अडचण त्यांना मी एकदा दाखवली होती. "आवाजाची भीती चेहऱ्याहून कमी असते," त्या म्हणाल्या. त्या शिक्षिका होत्या. त्यांना माहीत असणार.

हल्ली कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात माझा नात्यातला एक भाचा एका कंपनीत आहे. तिथे म्हणे माणसाचे दोष कसे सांगावेत याचा दोन दिवसांचा वर्ग असतो. आधी एक गोड, मग एक कडू, मग परत एक गोड. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे फक्त एक खुर्ची होती.

त्या खुर्चीवर मी नाव कमावलं होतं, आणि ते मला आवडतही होतं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि इथेच राहिलेले एक रावसाहेब मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी एकदा 'वक्तशीरपणा' या विषयावर भाषण केलं आणि कॉलेजातली पोर कौतुकच करणार म्हणून मला कान केलं. मी भिंतीला सांगितलं, "भाषणाला दहा मिनिटं दिली होती. वक्त्यांनी बत्तीस घेतली. त्यांतली पहिली नऊ मिनिटं ते विषयाची वाट पाहत होते, आणि नंतर विषय त्यांची." हॉल हसून हसून लोळला. पाठीमागून येणाऱ्या त्या हशानं मला फार बरं वाटलं. चहाच्या वेळी वत्सलाताईंनी मला खिडकीशी नेलं.

"हशा कुणासाठी होता?"

"म्हणजे?"

"रावसाहेबांसाठी होता का? पुढच्या वेळी त्यांनी काय करायचं, ते सांगितलंस?"

"नाही."

"मग तूही एक भाषणच केलंस. बरं झालं, तुझं तीन मिनिटांत आटपलं."

पुढच्या दोन रविवारी त्यांनी मला रावसाहेबांच्या शेजारी बसवून त्यांचं पुढचं भाषण कापायला लावलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. कापलेल्या प्रत्येक परिच्छेदाकडे मात्र दूर देशी निघालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहत राहिले. पुढचं भाषण त्यांनी सोळा मिनिटांत संपवलं. हे माझं पहिलं खरं काम, आणि त्याला कुणी हसलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोंडलबाबू निलंबित झाले. ते बाबांच्या ऑफिसातले एका गोदामाचे कारकून. राहायला दूर बजबज गावी, लोकलनं येत. घरी म्हातारी आई आणि दोन मुली. सणावाराला ते आमच्याकडे संदेश घेऊन येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि आईच्या हातच्या चकलीला "बौदी, ये तो कमाल है" म्हणत; बौदी म्हणजे वहिनी. त्यांच्या गोदामातला काही माल नाहीसा झाला होता. मोंडलबाबूंचं म्हणणं असं, की त्यांनी गोदामाचा ताबा घेतला त्या सकाळीच दाराचं सील तुटलेलं होतं, म्हणजे जे झालं ते त्यांच्या आधी. त्या सकाळी तिथे दुसरा एकच माणूस हजर होता. बाबा.

हे सगळं आम्हाला एका रविवारी जेवताना कळलं. बाबांनी ऑफिसातून आलेला कागद ताटाशेजारी ठेवला होता.

"चौकशी आहे. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या नंतरच्या. तोंडी साक्ष. लिहून चालत नाही," ते म्हणाले. "आधी एक झाली होती जुजबी. चौघे अधिकारी समोर. त्यांनी विचारलं, सील कसं होतं. ते होतं ब्र…"

"बंद?" आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "ब्र…"

"बदललेलं?"

आईला शब्द सापडेना. असं कधी झालं नव्हतं. बाबांनी ताटातला पापड उचलला आणि तिच्यासमोर धरून मोडला.

"ब्रोकन," मी म्हणाले.

"हं. चौघांचे डोळे इकडे. शब्द येईना. लूज सांगितलं." ते पापडाचे तुकडे ताटात ठेवत राहिले. "टाइप झालं. सही केली. लूज, अर्थात ढिलं; आणि ढिलं, तर होतं जागेवर. त्यावरून त्यांनी त्याला…" इथे वाक्य पुरं करायला आईची गरज नव्हती.

"मग आता दुसरा शब्द सांगा," आई म्हणाली. "तुम्हाला काय कमी आहेत?"

"डॅमेज्ड चालेल. ते विचारतील, ढिलं सील हे डॅमेज्डच असतं, नाही का? आणि यावर 'हो' सांगावं लागेल. तोच एक शब्द लागणार. आणि त्याचं नाव."

चार वर्षं शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसाचं नाव बाबा घराबाहेर कधी उच्चारत नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. 'गोदामवाले', 'ते गृहस्थ', 'अहो'.

जेवण झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "तुझ्या त्या सभेत कुणालाही उभं राहता येतं ना?"

"येतं. पण बाबा, तिथे सगळ्यांना कळेल."

"कळू द्यायचं नाही. उभं राहायची सवय व्हावी, एवढंच. आणि उषा, कुणाला सांगायचं नाही. त्या ताईंनाही नाही."

मी वचन दिलं. वचन द्यायला काही लागत नाही. वाणी स्वच्छ असलेल्या माणसाला तर नाहीच.

पुढचा आठवडा बाबा रोज संध्याकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होते. विषय 'रोजचा रस्ता'. मूळ विषय 'माझा रोजचा रस्ता' असा होता, त्यातला पहिला शब्द त्यांनी आधीच गाळला होता. मी ऐकायला गेले की थांबत. एकदा म्हटलं, "बाबा, तो एक शब्द घरात रोज शंभर वेळा म्हणून पाहू या." "घरात काय, घरात येतोच तो," ते म्हणाले. खरंच होतं. घरात अडखळत का होईना, येत होता, आणि नाही आला तर आई होती. बाहेर तो येऊच देत नव्हते. त्या रविवारनंतर चौकशीला चार दिवस उरणार होते.

बाबा पांढरा सदरा आणि कोट घालून आले. आई तिसऱ्या रांगेत बसली. वत्सलाताईंनी विचारलं, "आज कान कोण?" बाबा म्हणाले, "उषा."

"घरचा कान?" वत्सलाताई जराशा थबकल्या. "नियमात मनाई नाही, पण घरचे कान एक तर फार हळवे असतात नाही तर फार तिखट."

लोक हसले. मी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. बाबांनी मला का निवडलं हे मला कळत होतं. त्यांना आतला माणूस हवा होता, ज्याला सगळं ऐकू येईल आणि जो त्यातलं काही सांगणार नाही.

"रोज सकाळी नऊच्या ट्रामनं निघतो," बाबांनी सुरुवात केली. "खिदिरपूरचा सेतू येतो. खाली काळं जल, वर धूर. जहाजं उभी असतात, हत्तींसारखी…"

आवाज खोल, लय संथ. मी त्यांना असं कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या नाकासमोर भिंतीचा पोपडा उडाला होता, त्याच्याकडे बघत मी ऐकत होते. सेतू म्हणजे पूल. जल म्हणजे पाणी. गोदी म्हणजे बंदर. मी बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा थांबले. पाठीमागून "वा" येत होते. दहा मिनिटांत बाबा एकदाही अडले नाहीत, आणि माझ्या पाठीला घाम आला होता. मला दिसत होतं, गुरुवारी ते असेच उभे राहणार, असेच सुंदर बोलणार, आणि मोंडलबाबू घरी जाणार ते कायमचे.

टाळ्या थांबेनात. रावसाहेबांना राहवलं नाही, ते उठून उभे राहिले. "सेतू! आजकाल सेतू कोण म्हणतं हो? काय शुद्ध भाषा! आणि एक लक्षात आलं का तुमच्या? पूर्ण भाषणात 'मी' हा शब्द एकदाही नाही. केवढी ही नम्रता! आम्हाला हे साधत नाही."

"ते खरं आहे," वत्सलाताई म्हणाल्या. "रावसाहेब, बसा. कान?"

"भाषण सुंदर होतं," मी भिंतीला म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. लय, उपमा, आवाज यांवर तीन मिनिटं सहज काढता आली असती. बाबा खूश झाले असते, आई तर झालीच असती. "शब्द निवडलेले होते. पण ते वक्त्यांनी निवडले नव्हते." माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यांना पूल म्हणायचं होतं, ते सेतू म्हणाले. पाणी म्हणायचं होतं, जल म्हणाले. बंदर म्हणायचं होतं, गोदी म्हणाले. आणि 'मी' म्हणायचं होतं तिथे त्यांनी स्वतःलाच वाक्यातून काढून टाकलं. ही नम्रता नाही."

मागे कुणीतरी खोकलं आणि तो खोकला मधेच थांबवला. हे असंच चालू ठेवलं असतं तर पुन्हा एकदा मी भाषणच केलं असतं, आणि या वेळी कुणी हसणारही नव्हतं. पुढच्या वेळी काय करायचं ते सांगायला हवं होतं, आणि ते मला भिंतीला सांगता येईना. मी उठले, खुर्ची उचलायला गेले, ती नीट उचलली गेली नाही आणि तिचे पाय फरशीवरून कर्कश घासत गेले. मी ती बाबांकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

बाबा अजून उभेच होते. हातातला रुमाल त्यांनी चौकोनी घडी घालून, त्या घडीची परत घडी घालून, बोटाएवढा केला होता. मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, शाळेतल्या मुलासारखी.

"बाबा," मी म्हणाले, "जो शब्द म्हणायचाय तोच म्हणा. कितीही वेळ लागू दे. आम्ही थांबू."

वक्त्यानं उत्तर द्यायचं नाही असा नियम होता, पण आता कोणता नियम कुणी मोडतंय हेच कुणाला कळत नव्हतं. बाबांनी ओठ मिटले. मानेवरची शीर वर आली. हॉलमधल्या चाळीस माणसांनी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. डोक्यावरचा पंखा दर फेऱ्याला एकदा कुरकुरत होता. बाबांचा जबडा थरथरायला लागला, डोळे मिटले गेले. मागच्या रांगेत कुणी बशीत कप ठेवला, त्याचा केवढा आवाज झाला. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"पूल!" रावसाहेब ओरडले. "पूल म्हणायचंय हो त्यांना!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरोखर मदत करायची होती.

"रावसाहेब," वत्सलाताई हळूच म्हणाल्या, "शब्द त्यांचा आहे."

पण तोवर बाबांनी डोळे उघडले होते. त्यांनी सभेला हात जोडले, "नमस्कार" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. शब्द आला नाही.

परतताना ट्राममध्ये बाबा पुढच्या बाकावर एकटे बसले. आई माझ्याशेजारी. दोन थांबे गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकवीस वर्षं झाकलं मी. तू एका दुपारी चारचौघांत उघडं केलंस." तिची बाजूच जास्त खरी होती.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी वत्सलाताईंच्या शाळेत गेले. मला वाटलं होतं त्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी वह्या तपासताना मान वर केली नाही. "बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. हे तुला आधी त्यांना एकट्यात सांगायला हवं होतं."

"घरी सांगून उपयोग नव्हता."

"मग माझ्याकडे यायचं होतंस."

"त्यांना वचन दिलं होतं, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"ते तर तू माइक नसताना चाळीस जणांना ऐकू जाईल असं मोडलंस." मग त्यांनी लाल पेन्सील खाली ठेवली. "सांगितलंस ते मात्र खरं होतं. आता ते त्यांच्याकडे राहू दे. परत परत सांगायला जाऊ नकोस."

मंगळवारपर्यंत बाबा घरात बोलले नाहीत. ते वाक्य सुरू करत नव्हते, त्यामुळे आईला संपवायला काही नव्हतं. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. खालचा शंख आमच्याच खोलीत वाजतोय असं वाटे. बुधवारी सकाळी आईनं गॅसवर दूध ठेवलं होतं. बाबा टेबलाशी येऊन बसले.

"उषा," ते म्हणाले, "प…"

आई गॅसपाशी वळली. 'पेपर' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. तिनं तो गिळला. बाबांचे ओठ मिटलेलेच. मी हलले नाही. दूध वर यायला लागलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि परत बाबांकडे पाहिलं. दूध उतू गेलं, ज्योतीवर चर्र झालं, करपट वास स्वयंपाकघरभर पसरला आणि आमच्यापैकी कुणीही गॅसकडे गेलं नाही.

"पेपर दे," बाबा म्हणाले.

गुरुवारी मी कॉलेजला गेले नाही. आईनं सकाळपासून तीन वेळा ओटा पुसला. दोघी एकमेकींशी बोलत होतो ते फक्त भाजीविषयी. बाबांनी जाताना विडा घेतला नव्हता, तो ताटलीत तसाच पडला होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली, दोन माणसांची. बाबा सरळ आत हातपाय धुवायला गेले. मोंडलबाबू दारातच उभे राहिले. आईनं बसा म्हटलं तरी बसेनात.

"बौदी, साहब लोग बोला, जल्दी बोलिए. सार बोला, आय स्टॅमर. यू विल हॅव टु वेट." त्यांचा 'सार' म्हणजे सर, म्हणजे बाबा. मोंडलबाबूंनी दोन्ही हात पुढे करून कुणाला तरी थांबवल्यासारखं दाखवलं. "फिर सार मुँह बंद किया. बड़ा साहब घड़ी देखता है. स्टेनोबाबू पेन्सिल उठाके बैठा है. सार घड़ी नहीं देखता. एक साहब बोला, बेंट? बेंट था क्या? सार हाथ ऐसा किया, चुप. फिर वो बोला, बिटन? सार फिर हाथ किया. हम भगवान को बोला, जाने दो, नौकरी जाए, पर ये देखा नहीं जाता. तब सार बोला, ब्रोकन." त्यांनी तो शब्द दोन्ही हातांत धरून दाखवावा तसा म्हटला. "फिर पूछा, किसने चार्ज लिया. फिर वही. कितना देर! और सार बोला, मोंडल."

ते थांबले. चौकटीला हात टेकवून मग म्हणाले,

"बौदी, चार साल में सार हमारा नाम आज पहली बार बोला. हम समझता था, सार को हमारा नाम मालूम नहीं है."

आई रडायला लागली, आणि रडताना माणसाला चहा करायचा असतो म्हणून आत गेली. बाबा टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि टॉवेल दोरीवर टाकला. त्या रविवारविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. कदाचित माझ्याशिवायही झालं असतं, आणि चाळीस माणसांसमोर त्यांना उभं न करता. हा हिशेब मला आजवर सोडवता आलेला नाही. एवढंच खरं, की बाबांचं अडखळणं शेवटपर्यंत गेलं नाही. उलट घराबाहेरही ते अडखळायला लागले, आणि लोकांना थांबायची सवय करून घ्यावी लागली. रावसाहेबांना ती लागायला फार दिवस गेले.

मोंडलबाबूंना कामावर परत घेतलं, मात्र दुसऱ्या गोदामात. बाबांना आधीची जबानी का बदलली म्हणून लेखी खुलासा मागितला, आणि त्यांची बढती मागे पडली. त्या खुलाशासाठी त्यांना साक्षीची टाइप केलेली प्रत मिळाली होती. बाबा गेल्यावर कागद आवरताना ती मला सापडली. साक्ष इंग्रजीत आहे, मराठीत साधारण अशी: सील तुटलेलं होतं. मोंडल यांनी ताबा घेतला त्या आधीच ते तुटलेलं होतं. आधीच्या जबानीतला 'ढिलं' हा शब्द चुकीचा आहे. तो माझा दोष, मोंडल यांचा नव्हे.

चार वाक्यं. मोंडलबाबूंच्या सांगण्याप्रमाणे त्यांना पाऊण तास लागला होता. स्टेनोनं काम चोख केलं आहे. कागदावर कुठल्याही दोन शब्दांमधलं अंतर सारखंच आहे.